सात नंबरची नळी

आमच्या प्रयोगशाळेत कामाला आठ माणसं होती आणि नाक एकच होतं. ते शालूताई पायगुडे यांचं. बाकीच्यांची नाकं चष्मा टेकवायला आणि एकमेकांच्या कामात खुपसायला. मी तिथली प्रमुख, त्यामुळे माझं नाक सगळ्यात लांब. तरी ज्या दिवशी ते लागायला हवं होतं, त्या दिवशी लागलं नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

कर्वेनगरात एका ट्रस्टच्या जुन्या बंगल्यात आम्ही मित्रकीटक वाढवत होतो. ट्रायकोग्रामा नावाची एक गांधीलमाशी असते. गांधीलमाशी म्हटलं की लोक मान मागे घेतात, पण ही खसखशीच्या दाण्याहून लहान. तिला माणसाला डसता येत नाही, तिला डसायला फक्त दुसऱ्या किड्याचं अंडं लागतं. त्या अंड्यात ती आपलं अंडं घालते. बाहेरून अंडं धडधाकट दिसत राहतं आणि आत तिचं पोर ते खाऊन संपवतं. चौथ्या दिवशी अंडं काळं पडतं, आठव्या-नवव्या दिवशी त्यातून अळीऐवजी गांधीलमाशी बाहेर येते. अशी काळी अंडी चिकटवलेली कार्डं शेतकरी उसाच्या पानांना टाचतात, म्हणजे खोडकिडीची अंडी जन्माला येण्याआधीच निकालात निघतात.

या माशा वाढवायच्या तर रोज ताजी अंडी हवीत. त्यासाठी आम्ही धान्यावरचे पतंग पाळत होतो आणि पतंगांच्या अळ्यांना भरडलेली ज्वारी घालत होतो. ती ज्वारी स्वच्छ हवी. कुणी पोत्यावर कीटकनाशक मारलेलं असेल तर अळ्या मरणार, मग पतंग नाहीत, अंडी नाहीत, माशा नाहीत. बावीस वर्षं अखंड चालत आलेली पैदास एका पोत्यात बुडू शकत होती. तेव्हा सगळा कारभार येऊन थांबत होता तो पोत्याच्या तोंडाशी, आणि तिथे शालूताई नाक लावून उभ्या असत.

त्या मूळच्या शिवण्याच्या. गाव पुण्याने गिळलं तेव्हा जमिनीला भाव आला आणि भावाला बहिणीची आठवण झाली. संभाजीने त्यांना दुचाकीवर बसवून कचेरीत नेलं, हक्कसोडपत्रावर सही घेतली आणि येताना एक साडी दिली. त्या जमिनीवर त्याची पाच मजली इमारत उभी राहिली. विधवा बहिणीला तिथे पार्किंगमध्ये, पाण्याच्या मोटरशेजारी एक खोली मिळाली. "भावानं ठेवलंय," असं त्या सांगत. मी एकदा म्हणाले, "ठेवलंय कसलं, पार्क केलंय." त्या हसल्या. पण पुढे जे म्हणाल्या ते हसण्यासारखं नव्हतं. "मॅडम, ही नोकरी हाय तवर मी तिथं राहते. नोकरी गेली की मी तिथं पडून असंन. दोन्हीत लई फरक असतो."

लागल्या तेव्हा त्या झाडू मारायला लागल्या होत्या. तिसऱ्याच आठवड्यात ज्वारीची पोती उतरत होती, तेव्हा झाडू टेकवून त्यांनी हमालाला थांबवलं. "ह्याला औषधाचा वास हाय." तेव्हाच्या प्रमुखांनी वास घेतला, त्यांना काही आला नाही. तरी गंमत म्हणून मूठभर ज्वारीत अळ्या सोडून पाहिल्या, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या मेलेल्या. त्या दिवसापासून झाडू दुसऱ्या कुणाकडे गेला. महिन्यातून एकदा शालूताई मार्केट यार्डात भुसार बाजारात जात, पोपटशेठांच्या गाळ्यावर पोत्यात लोखंडी नळी खुपसून दाणे काढत, ओंजळीत घेऊन नाकाशी नेत आणि सांगत, हो किंवा नाही. पोपटशेठ चाळीस वर्षं धान्याच्या धंद्यात, पण हुज्जत घालत नसत. म्हणत, "ताईंचं नाक म्हणजे कोर्ट. अपील नाही."

पतंगांच्या खोलीतलं कामही त्यांच्याकडेच. पतंग काचेच्या बरण्यांत गोळा करायचे, तर त्यांच्या पंखांवरची करडी भुकटी हवेत उडते. दिव्याच्या उजेडात पाहिलं तर धूर भरल्यासारखी दिसते. ती छातीत जाते, नाकात बसते. या धंद्यातल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे, म्हणून मास्कचा नियम आहे. शालूताईंनी बावीस वर्षांत एकदाही मास्क लावला नाही. "तोंड बांधून मला वास कसा यावा? टबाला बुरशी लागली, उबट वास आला, तर कळाया नको?" आणि त्यांना खरंच कळायचं. एका खराब टबाने शंभर टब नासण्याआधी त्या तो उचलून बाहेर ठेवत. मी दोनदा नियम दाखवला, तिसऱ्यांदा दाखवला नाही. त्यांच्या उघड्या नाकाचा आम्हाला फायदा होता, हे मी आज सांगते. तेव्हा मी त्याला त्यांचा हट्ट म्हणत होते.

तीन वर्षांपूर्वी ऋतुजा पीएचडी करायला आली. तिचा विषय होता माशीच्या मिशा. पुस्तकात त्यांना शृंगिका म्हणतात. शालूताईंनी तो शब्द एकदा ऐकला आणि बाजूला ठेवून दिला. ऋतुजाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो भिंतीवर लावले. अर्ध्या मिलिमीटरच्या माशीच्या मिशीचं टोक त्या फोटोत हातभर दिसत होतं. त्याच्यावर उसाच्या पानावर असते तशी कूस, बारीक टोचरी लव. "ही सगळी सेन्सिला आहेत, मावशी," ऋतुजा सांगत होती. "हे साधे केस टचसाठी. हे टोकाला भोक असलेले, हे चव घेतात. आणि ह्या लांब पट्ट्या बघा, ह्यांना बारीक बारीक छिद्रं आहेत, ह्या वासाच्या. ती अंड्यावर चढते, मिशांनी ड्रम वाजवल्यासारखं करते आणि कळतं तिला, अंडं ताजं आहे की शिळं, दुसरी कुणी आधी येऊन गेलीय का."

"आणि ह्यो नराचा?" शालूताईंनी शेजारच्या झुपकेदार फोटोकडे बोट केलं.

"हो. त्याला लांब केस असतात."

"म्हंजे बाईच्या मिशीत अक्कल आणि बुवाच्या मिशीत नुसता रुबाब."

ऋतुजाने हे तिच्या वहीत लिहून घेतलं. पुढे दोघींचं चांगलं जमलं. ऋतुजाला इंग्रजी वाय अक्षरासारख्या काचेच्या नळीत माशा सोडायच्या असत. एका फाट्यात एक वास, दुसऱ्यात दुसरा, माशा कुठे वळतात ते मोजायचं. शालूताई शेजारी बसून पाहत. मला वाटे, कौतुकाने पाहतायत.

मग ऋतुजाला मिशा कापायच्या होत्या. कुठला भाग कशासाठी, हे कळायला तो भाग काढून पाहावा लागतो. बर्फावर माशी गारठवायची, सूक्ष्मदर्शकाखाली दाढीच्या पात्याच्या कपच्याने फक्त टोकाची गाठ उडवायची. ऋतुजाच्या हातून पहिल्या वीस माशांची मुंडकीच गेली. शालूताईंनी कपचा हातात घेतला आणि एकामागून एक सोळा माशा कापल्या, सगळ्या जिवंत. मी त्यांना विचारलं, "जमतं कसं?" त्या मान वर न करता म्हणाल्या, "जमतंय. पण बरं न्हाई वाटत."

शुद्धीवर आलेल्या त्या माशा अंड्यांवर सोडल्या. ते दृश्य मी विसरलेले नाही. त्या अंड्यावर चढल्या आणि उरलेल्या थोटकांनी ठोकू लागल्या. साध्या माशीपेक्षा दुप्पट जोरात, दुप्पट वेळ. मग उतरून पुढच्या अंड्यावर. तिथेही तेच. समोर हवं ते असून त्यांना ते समजत नव्हतं आणि त्या थांबतही नव्हत्या. शालूताई भिंगातून बराच वेळ पाहत राहिल्या. मग पदराने नाक पुसलं आणि उठून गेल्या.

त्याच सुमाराला काही गोष्टी घडत होत्या. एकेकटी पाहिली तर एकही मोठी नाही. चहाचं दूध जळून पातेलं काळं झालं आणि शालूताई त्याच खोलीत बसल्या होत्या. बुरशीचा टब आता ऋतुजाला आधी सापडू लागला. शालूताईंचा आवाज सर्दी झाल्यासारखा बसका राहू लागला. आणि मार्केट यार्डात त्या आता तिथल्या तिथे निकाल देत नसत. ओंजळ नाकाशी नेत, मग कागदाच्या पुडीत दाणे बांधून घेत आणि म्हणत, "उद्या सांगते." पोपटशेठांनी मला फोनवर विचारलं, "ताई हल्ली नाक घरी ठेवून येतात काय?" मी म्हणाले, "कोर्टानेही तारीख देऊ नये की काय?" आणि स्वतःच्याच उत्तरावर खूश झाले. दुसऱ्या दिवशी निकाल बरोबरच येत होता ना. दीड वर्षात त्यांनी तीन वेळा नाही म्हटलं आणि तिन्ही वेळा ज्वारीत औषध निघालं. मग मी कशाला विचारू? विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

गेल्या वर्षी गौरींच्या आधीची गोष्ट. ऋतुजाच्या शेवटच्या प्रयोगासाठी दहा नळ्यांत माशा भरल्या होत्या. पाच नळ्यांत शालूताईंनी मिशा कापलेल्या, पाच नळ्यांत शाबूत. मोजणाऱ्याला कुठल्या नळीत कुठल्या माशा ते कळता कामा नये, नाहीतर त्याचं मन आकड्यांत लुडबुड करतं. म्हणून सगळे गेल्यावर मी चिठ्ठ्या काढून नळ्यांना नंबर घातले, यादी माझ्या खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं. कुणालाही कळणार नाही याची मी चोख व्यवस्था केली. असल्या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही.

दोन दिवसांनी पोपटशेठांचा निरोप आला. गणपतीत हमाल मिळत नाहीत, पोती आजच उचला, नाहीतर दहा दिवसांनी. आमच्या कोठीत चार दिवसांची ज्वारी उरली होती. शालूताई सकाळी यार्डात गेल्या, पुडी घेऊन आल्या, दुपारी दोनला मला म्हणाल्या, "चांगली हाय. आणा." टेम्पो आला. भरडून संध्याकाळपर्यंत साठ टब भरले आणि माशा-पतंगांच्या खोलीत मांडले. ती खोली एसीची, खिडक्या सीलबंद. ऋतुजा मास्क लावून होती, बाकीचे सणाला गावी गेले होते. मी वरच्या मजल्यावर अहवाल लिहीत होते. टेम्पोवाल्याला सर्दी झाली होती, असं त्याने मागाहून सांगितलं. मला ते खरं वाटत नाही, पण वास घेणं हे त्याचं कामच नव्हतं. ते कुणाचंच काम नव्हतं, फक्त शालूताईंचं होतं.

त्यानंतर गौरींचे तीन दिवस सुट्टी. एरवी शालूताई सुट्टीतही येऊन माशांना मधाचं बोट लावून जात. त्या वर्षी संभाजीच्या घरी गौरीजेवणाला साठ पानं होती आणि पुरण वाटायला बहीण पार्किंगमध्ये तयारच होती. त्या आल्या नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं आणि आधी ध्यानात आली ती शांतता. पतंगांच्या बरण्यांतून एक बारीक फडफड सतत ऐकू येत असे, सवयीने ती ऐकूही येईनाशी होते. ती बंद होती. बरण्यांच्या तळाशी पतंगांचा करडा थर बसला होता. माशांच्या नळ्या हलवून पाहिल्या, तर आत काळी धूळ इकडून तिकडे सरकली. आणि मग तो वास आला. गोडसर, घशात बसणारा. कुणीतरी पोत्यांवर उडून जाणारं, वाफेनेच मारणारं औषध मारलं होतं आणि तीन दिवस त्या बंद खोलीत ती वाफ कोंडून राहिली होती. मला, जिला भाजी करपलेली शेजारीण सांगते तेव्हा कळते, मला तो दारातच कळला.

मागून शालूताई आल्या. बरण्या पाहून त्या थांबल्या. मग सरळ आत शिरल्या, एका टबावर वाकल्या आणि त्यांनी खोल श्वास घेतला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तिथे काहीही हललं नाही. त्यांनी आणखी एक श्वास घेतला.

"शालूताई, बाहेर या. विषारी आहे ते."

त्या बाहेर येऊन पायरीवर बसल्या. मी विचारलं, "कधीपासून?"

"दीड वर्स झालं. आधी कमी झाला. मग एक दिवस गेलाच. डॉक्टर म्हणला, आत मांस वाढलंय, भुकटीनं. आप्रेशन करू, पण वास येईलच असं न्हाई."

"मग त्या तीन वेळची पोती? ती कशी ओळखलीत?"

त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. "मी न्हाई वळखली. त्यांनी वळखली."

मग सगळं सांगितलं. ऋतुजाची काचेची वाय नळी होती. एका फाट्यात कोठीतली जुनी चांगली ज्वारी, दुसऱ्यात पुडीतली. मधून पंधरा-वीस माशा सोडायच्या. औषध असेल तर सगळ्या पळून चांगल्या फाट्यात जमतात. ज्वारी चांगली असेल तर दोन्ही सारखंच, निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे. दीड वर्ष त्या माशांच्या मिशांनी वास घेत होत्या. ऋतुजाच्या प्रबंधात याहून मोलाची ओळ नाही, आणि ती माझ्या नाकाखाली, कुणाला न सांगता, पार्किंगमध्ये जाऊन पडायच्या भीतीने शोधली गेली होती.

"मग या वेळी काय झालं?"

"नवीन माश्या निघायला संध्याकाळ होणार व्हती. शेठचा माणूस सारखा फोन करीत व्हता. ऋतुजाच्या नळ्यांतली एक घेतली. सात नंबर."

"त्यातल्या पाच नळ्यांत कापलेल्या होत्या, माहीत होतं ना तुम्हाला?"

"म्हाईत व्हतं. भिंगातून बघून घेतलं की. टोक काय दिसंना, पण त्यांच्या मिश्या लई हलत व्हत्या. मला वाटलं, ह्या हुशार."

निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे. ज्यांना वासच येत नाही, त्या दुसरं काय करणार.

फ्रीजमध्ये काळ्या अंड्यांची चार कार्डं होती. त्या बावीस वर्षांतलं तेवढंच शिल्लक. त्यांची मुदत भरत आली होती, बाहेर काढणं भाग होतं. पतंगांच्या ताज्या अंड्यांसाठी मी दोन प्रयोगशाळांना फोन लावले. एकीकडे विसर्जनानंतर बघू म्हणाले, दुसरीकडे कुणी उचललाच नाही. दोन दिवसांनी कार्डांवरच्या माशा बाहेर आल्या. हजारो, एका मोठ्या बरणीत. त्यांना आपलं अंडं घालायला पतंगाचं एकही अंडं नव्हतं. त्या काचेवरून, कार्डाच्या कागदावरून, एकमेकींच्या अंगावरून मिशांनी ठोकत फिरत होत्या. त्यांच्या मिशा शाबूत होत्या, प्रत्येक केस जागच्या जागी होता, आणि ओळखण्यासारखं समोर काही नव्हतं. शालूताईंनी बरणीजवळ स्टूल ओढलं आणि बसल्या. त्या मध लावत राहिल्या. पाचव्या दिवशी बरणीत हालचाल राहिली नाही.

ट्रस्टच्या बैठकीत विचारलं गेलं, पोती पास कुणी केली? मी लिहून दिलं की ज्वारी तपासण्याची कुठलीही पद्धत आणि यंत्र प्रयोगशाळेने कधी घेतलं नव्हतं. हे खरं होतं. मास्कचा नियम मी तीन वेळा दाखवायचा तो दोनदाच दाखवला, हे लिहिलं नाही. एखाद्या बाईचं नाक वापरून संपवलं, हे तर लिहायला रकानाच नसतो. पैदास बंद झाली. आता कार्डं बाहेरून येतात आणि आम्ही ती पुढे पाठवतो. शालूताईंना काढलं नाही, एवढी माझ्या बोलण्याला किंमत आली. फक्त त्यांची मदतनीसाची जागा रद्द झाली. त्यांना पुन्हा झाडू मिळाला.

त्या दिवशी संध्याकाळी त्या माझ्या टेबलाशी आल्या. "मॅडम, एक इचारू? तुमच्या त्या यादीत सात नंबर काय व्हता?"

यादी खणात होती. मी ती बैठकीच्या आधीच उघडून पाहिली होती. क्षणभर वाटलं, शाबूत होत्या म्हणावं. मग माशांनी चूक केली असं ठरलं असतं आणि ही बाई सुटली असती. पण लगेच लक्षात आलं की दीड वर्ष तिने फक्त त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. तो तरी मी काढून घेऊ नये.

"कापलेल्या होत्या," मी म्हणाले.

शालूताईंनी मान हलवली. मग भिंतीवरच्या मिशीच्या फोटोकडे पाहिलं.

"म्हंजे त्यांचं काय चुकलं न्हाई," त्या म्हणाल्या. "मीच कापल्या व्हत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वेळेवर आल्या. पतंगांची रिकामी खोली झाडायची होती. कोनाड्यातल्या खोक्यातून त्यांनी एक मास्क काढला, तो कसा लावायचा ते ऋतुजाला विचारलं, नाकावर नीट बसवला, आणि झाडू घेऊन आत गेल्या.